काळ्या मोटारीची झिलई व मेणलेपन

मोटारीच्या रंगलेपावरील सूक्ष्म ओरखडे, डाग व मंदपणा बारीक अपघर्षकाने घासून काढण्याच्या क्रियेस झिलई देणे (पॉलिश करणे) आणि त्या पृष्ठावर मेणाचा पातळ संरक्षक थर देण्याच्या क्रियेस मेणलेपन म्हणतात. व्यवहारात दोहोंना ‘पॉलिश’ हे एकच नाव आहे व त्यातून पुष्कळ गोंधळ होतो. पहिल्या क्रियेत रंगलेपाचा अंश कायमचा निघून जातो. दुसरीत काहीच निघत नाही.

१९२३ पासून मोटारींना नायट्रोसेल्युलोज लॅकर देण्यात येऊ लागले. ते लवकर वाळे, मात्र घासल्यावरच त्याला पुरती चकाकी येई. अशा एकथरी रंगाच्या जुन्या गाड्या घासताना फडक्याला रंग लागतो. आताच्या गाड्यांत रंगाच्या थरावर पारदर्शक थर असतो. त्याची जाडी सामान्यतः ४० ते ५० मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी असते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण शोषणारी द्रव्ये याच थरात असतात. तो वारंवार घासला की वाचलेला थर काही वर्षांत पांढुरका होतो व त्याचे पापुद्रे निघू लागतात. त्यावर पुन्हा रंग देण्यावाचून उपाय नाही.

गुळगुळीत पारदर्शक थरावरून सु. ४ टक्के प्रकाश आरशाप्रमाणे परावर्तित होतो. पांढऱ्या गाडीत खालच्या रंगावरूनही भरपूर प्रकाश परत येत असल्याने ओरखड्यावरून विखुरलेला प्रकाश त्यात लोपतो. काळ्या रंगावरून जवळजवळ काहीच परत येत नाही. म्हणून तेथे प्रत्येक ओरखडा पांढऱ्या रेघेसारखा उठून दिसतो. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, ती वस्तुतः सर्व दिशांनी गेलेल्या सरळ ओरखड्यांची असतात; त्यांपैकी डोळ्याकडे प्रकाश परतविणारे तेवढे दिसतात.

हे ओरखडे बहुधा मालकाच्या हातूनच पडतात. पुणे–सातारा रस्त्यालगतच्या नसरापूर (ता. भोर) परिसरात उन्हाळ्यात गाडीवर बसणारी धूळ मुख्यतः काळ्या पाषाणाची (बेसाल्टाची) असते. त्यातील फेल्स्पार व पायरोक्सीन ही खनिजे पारदर्शक थराहून कितीतरी कठीण आहेत. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसणे म्हणजे तिला पॉलिशकागद लावण्यासारखेच होय. रॉकेलाच्या बोळ्याने पुसल्यास घटकाभर चमक येते, परंतु मेण विरघळते आणि तेलकट पृष्ठावर धूळ अधिक चिकटते. विहिरीच्या पाण्यातील कॅल्शियमाच्या क्षारांचे पांढरे ठिपके काळ्या रंगावर विशेष उमटतात. यास्तव धुतल्यावर गाडी उन्हात आपोआप वाळू देऊ नये.

उन्हात काळा पत्रा ६०° ते ७०° से. पर्यंत तापतो. त्यामुळे काम सावलीत, पत्रा हाताला थंड लागत असताना करावे. प्रथम भरपूर पाण्याने धूळ वाहू द्यावी. नंतर मोटारीच्या शाम्पूने छतापासून खाली धुवावे. फडके पिळण्यासाठी साध्या पाण्याची वेगळी बादली ठेवावी. कपड्यांचा साबण वापरू नये. गाडी मऊ, स्वच्छ कापडाने टिपावी. जुना सुती पंचा त्यासाठी पुरेसा मऊ वाटतो, परंतु काळ्या गाडीला मायक्रोफायबर कापडच बरे.

झिलई गरजेपुरतीच द्यावी. ज्यात नख अडकते असा ओरखडा घासून काढू पाहणे धोक्याचे असते. आधी वीतभर जागेवर सर्वांत सौम्य पॉलिश लावून पाहावे. गॅरेजमध्ये मिळणारे जाड रबिंग कंपाउंड काळ्या रंगावर स्वतःचेच ओरखडे ठेवते. कडांवर थर पातळ असल्याने तेथे जोर देऊ नये. काही पॉलिशांत तेल व मेण असते. ओरखडे त्याने केवळ भरले जातात व दोन-तीन धुण्यांनंतर पुन्हा दिसतात. विकत घेताना हा भेद सहसा कोणी सांगत नाही.

मेणलेपनासाठी ब्राझीलमधील एका ताडवृक्षाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण प्रसिद्ध आहे. ते ८२° ते ८६° से. ला वितळते (मधमाशांचे मेण सु. ६३° से. ला) व नुसते फार कठीण असल्याने तेले व विद्रावक मिसळून वापरतात. थर अगदी पातळ द्यावा. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसण्याचे कष्ट मात्र वाढतात. पृष्ठ धूसर झाले की स्वच्छ कापडाने पुसावे. रंग न दिलेल्या प्लॅस्टिकच्या भागांवर मेणाचे पांढरे डाग राहतात, म्हणून ते भाग झाकावेत. पाण्याचे गोल थेंब बनेनासे झाले की मेण संपत आले असे समजावे. यास काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात.

भोरकडील पाऊस लक्षात घेता मेणलेपन मेअखेरीस करावे आणि झिलईची गरज असल्यास ती पावसाळा संपल्यावर, चिखलाचे डाग निघाल्यानंतर, पाहावी. पक्ष्यांची विष्ठा व झाडांचा चीक मात्र कोणत्याही ऋतूत त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून काढावा. तापलेल्या काळ्या पत्र्यावर त्याचा डाग थरात उतरतो व मेणाने तो थोपत नाही.