थोरली प्रत आणि धाकटी प्रत

हल्लीं कोणत्याही सुशिक्षित घरांतील मुंज, लग्न, डोहाळजेवण किंवा सहस्रचंद्रदर्शन व्हिडिओवांचून पार पडत नाहीं. पूर्वीं अशा प्रसंगाची आठवण म्हणून छायाचित्रकारास बोलावून सर्व मंडळींचें एक चित्र काढून घेत व तें दिवाणखान्यांत टांगीत. आतां घरांतील प्रत्येकाच्या हातीं मोबाईल असून तासन् तास चित्रण होतें. यांत वावगें कांहींच नाहीं. अडचण उद्भवते ती यापुढें. आत्याबाई अमेरिकेंत, धाकटे काका बंगळुरास, मामेबहीण नागपुरास. आणि प्रत्येकाचा तगादा कीं, 'आम्हांस व्हिडिओ पाठवा.' पाठवूं जातां कळतें कीं, फाइल फार मोठी असल्यामुळें ती जातच नाहीं. मग कोणी तरी घाईघाईनें ती लहान करतो, धाडतो, आणि मोबाईल भरला म्हणून मूळ फाइल पुसून टाकतो. या शेवटच्या क्रियेनें घराचें जें नुकसान होतें तें बहुधा पुष्कळ वर्षांनीं ध्यानांत येतें. म्हणून फाइल लहान करणें म्हणजे नेमकें काय, तें कसें करावें आणि कोठें थांबावें, याचा विचार आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम थोडें गणित करूं. व्हिडिओ म्हणजे वस्तुतः स्थिर चित्रांची माळ. सेकंदास २५ किंवा ३० चित्रें डोळ्यांपुढून गेलीं म्हणजे आपणांस हालचाल दिसते. ज्यास 'फुल एचडी' म्हणतात त्या मापाच्या चित्रांत आडवे १,९२० व उभे १,०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगास तीन बाइट जागा धरली तर एका चित्रास सुमारें ६२ लक्ष बाइट, आणि सेकंदास ३० चित्रें धरल्यास एका मिनिटास ११ गिगाबाइटांहून अधिक जागा लागेल. या हिशेबानें ६४ गिगाबाइटांचा मोबाईल सहा मिनिटांच्या आंत भरून जावयाचा! प्रत्यक्षांत मिनिटभराचा व्हिडिओ शंभर-सव्वाशें मेगाबाइटांत, कधीं त्याहूनही कमी जागेंत मावतो. याचा अर्थ असा कीं, चित्रण चालू असतांनाच मोबाईल मूळच्या मजकुराचा सुमारें शंभरावा हिस्सा काय तो ठेवितो. तेव्हां आपण लहान करावयास घेतों ती फाइल अगोदरच एकदां आटविलेली असते. आटीव दूध पुन्हां आंचेवर ठेवावयाचें असल्यास तेथें लक्ष अधिकच ठेवावें लागतें, तसेंच हें आहे.

संक्षेपाचे दोन प्रकार आहेत, व त्यांतील भेद संस्कृत व्याकरण शिकलेल्यांस चटकन् कळेल. पाणिनीच्या व्याकरणांत 'अच्' या एका प्रत्याहारानें सर्व स्वर सांगितले जातात आणि 'हल्' या प्रत्याहारानें सर्व व्यंजनें. माहेश्वर सूत्रें ज्यास पाठ आहेत तो 'अच्' हें अक्षर पाहतांच स्वरांची सगळी यादी जशीच्या तशी पुन्हां मांडूं शकतो. एक वर्णही हरवत नाहीं. दुसरा प्रकार सारांशाचा. विद्यार्थ्यानें दहा पानांच्या धड्याचा सारांश एका पानांत लिहिला तर तो उत्तमही असूं शकेल. पण त्या एका पानावरून मूळचीं दहा पानें कोणासही पुन्हां लिहितां येणार नाहींत. कागदपत्रांची 'झिप' फाइल करतात तो पहिला प्रकार. व्हिडिओ लहान करतात तो दुसरा. व्हिडिओची झिप करून पाहणारे निराश होतात याचें कारण हेंच कीं, प्रत्याहाराच्या रीतीनें जें वांचवितां येण्याजोगें होतें तें मोबाईलनें आधींच वांचविलेलें असतें.

हा सारांश यंत्र मुख्यतः तीन रीतींनीं करतें. मनुष्याच्या डोळ्यास उजेड-अंधाराचा भेद जितका सूक्ष्म कळतो तितका रंगाचा कळत नाहीं. म्हणून उजेडाची माहिती पूर्ण ठेवून रंगाची माहिती चार ठिपक्यांस मिळून एकच ठेवितात. दुसरी रीति अशी कीं, चित्राचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकांतील ठळक चढउतार राखावयाचे व बारीक तपशील सोडून द्यावयाचे. या रीतीच्या मुळाशीं असलेलें 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' हें गणित बंगळुरास १९४० सालीं जन्मलेले डॉ. नासिर अहमद यांनीं अमेरिकेंतील कॅन्सस राज्य विद्यापीठांत असतांना सिद्ध केलें, व टी. नटराजन् आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ सालीं प्रसिद्ध केलें. या कल्पनेसाठीं त्यांनीं १९७२ सालीं मागितलेलें सरकारी संशोधन-साहाय्य नाकारण्यांत आलें होतें. आणि आज जगांतील बहुतेक छायाचित्रें व व्हिडिओ त्याच गणिताच्या किंवा त्याच्या वंशजांच्या आधारें साठविले जातात! ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तिसरी रीति सर्वांत फलदायी. लागोपाठच्या दोन चित्रांत बटु, पाट, मागची भिंत हीं बहुधा जशींच्या तशींच असतात; म्हणून पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवून मधल्या चित्रांपुरतें 'काय बदललें व कोणत्या दिशेस सरकलें' एवढेंच टिपून ठेवितात.

या तिसऱ्या रीतीवरून एक व्यवहारोपयोगी गोष्ट निघते. ज्या दृश्यांत सर्वच हलतें तेथें यंत्राची काटकसर चालत नाहीं. मंगलाष्टकांच्या शेवटीं अक्षतांचा वर्षाव होतो किंवा होमकुंडांतून धूर उठतो, त्या वेळीं फाइल फार आटविलेली असल्यास चेहऱ्यांवर चौकोनी ठिगळें दिसूं लागतात. आणि ऐन मुहूर्ताचा क्षण तर तोच असतो! चित्रण करणाऱ्याचा हात हलत असला तर यंत्रास भिंतसुद्धां हलतांना दिसते. उजेड अपुरा असल्यास चित्रावर रवाळ कण नाचूं लागतात व त्यांच्यापायींही जागा फुकट खर्च होते. तेव्हां फाइल लहान करण्याचा पहिला उपाय चित्रण करतांनाच करावयाचा: मोबाईल तिपाईवर स्थिर ठेवावा आणि दिवे लावून घ्यावे.

आतां प्रत्यक्ष कृति सांगतों. पहिली पायरी कात्रीची. तीन तासांच्या चित्रणांत खुर्च्या लावणें, पंगतीची तयारी, पाठमोरे पाहुणे यांतच पुष्कळ वेळ जातो. असा निम्मा भाग गाळला कीं, उरलेल्या भागाच्या सुबकतेस धक्का न लागतां फाइल सुमारें निम्मी होते. दुसरी पायरी मापाची. '४के' म्हणतात त्या चित्रांत ८२,९४,४०० ठिपके असतात. फुल एचडींत त्याच्या चतुर्थांश. आणि आडवे १,२८० व उभे ७२० या मापांत ९,२१,६००. ज्यांस मोबाईलच्या पडद्यावरच पाहावयाचें आहे त्यांस हें शेवटचें माप पुरेसें आहे. सेकंदास ६० चित्रें घेतलीं असल्यास तीं ३० वर आणावीं. तिसरी पायरी साठवणीच्या पद्धतीची. २००३ सालीं ठरलेली 'एच.२६४' ही पद्धति जवळजवळ सर्व यंत्रांस वाचतां येते. २०१३ सालची 'एच.२६५' ही पद्धति तितक्याच सुबकतेस सुमारें निम्मी जागा घेते. परंतु आजोबांच्या जुन्या संगणकावर ती फाइल उघडेलच याची शाश्वति नाहीं. म्हणून अनेक घरीं धाडावयाची फाइल 'एच.२६४' पद्धतीनें, 'एमपी४' रूपांत करणें सोयीचें.

या कामासाठीं 'हँडब्रेक' नांवाचा प्रोग्राम मोफत मिळतो व तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. त्यांत सुबकतेसाठीं एक आंकडा द्यावा लागतो. फुल एचडी व्हिडिओस २० ते २४ यांमधील आंकडा योग्य. आंकडा जितका मोठा तितकी फाइल लहान व चित्र हलकें, हें विसरूं नये. फाइलीच्या आकाराची मर्यादाच ठरलेली असेल तर हिशेब सोपा आहे. समजा, दहा मिनिटांचा व्हिडिओ १०० मेगाबाइटांत बसवावयाचा आहे. एका बाइटाचे आठ बिट, म्हणून ८०० मेगाबिट. त्यांस ६०० सेकंदांनीं भागलें असतां सेकंदाच्या वांट्यास सुमारें १.३३ मेगाबिट येतात. एवढ्यांत ७२० च्या मापाचें शांत दृश्य ठीक बसतें, अक्षतांचा वर्षाव बसत नाहीं. तोच व्हिडिओ कापून पांच मिनिटांचा केला तर वांटा दुप्पट होतो. चित्राचे हाल करण्यापेक्षां कात्री चालवणें बरें, तें यासाठीं.

ध्वनीच्या बाबतींत मात्र कृपणता मुळींच करूं नये. सेकंदास १२८ किलोबिट दिले तरी ध्वनीस मिनिटामागें एक मेगाबाइटही लागत नाहीं. व्हिडिओंतील सर्वांत स्वस्त वस्तु आवाज, आणि पुढें सर्वांत मोलाची ठरते तीही तीच. आमच्या परिचयाच्या एका घरीं आजी वारल्यावर तिच्या मुलींस आठवलें कीं, थोरल्या नातवाच्या मुंजींत घाणा भरतांना आजीनें ओव्या म्हटल्या होत्या व कोणी तरी त्यांचें चित्रण केलें होतें. ज्यानें चित्रण केलें त्याच्या मोबाईलमधून मूळ फाइल केव्हांच पुसली गेली होती. हातीं आली ती एकानें लहान करून दुसऱ्यास, दुसऱ्यानें आणखी लहान करून तिसऱ्यास दिलेली चौथ्या हातची प्रत. तींत आजीचा चेहरा ओळखूं येत नव्हता आणि शब्द गलबल्यांत बुडाले होते. तीन ओळी कशाबशा लागल्या. बाकीच्या ओव्या आतां त्या घरांत कोणासही येत नाहींत. वास्तविक तेवढ्या आवाजास मुळांत पांच मेगाबाइटही जागा लागली नसती.

म्हणून लहान प्रत प्रत्येक वेळीं मूळ प्रतीवरूनच करावी. लहानीवरून आणखी लहान कधीं करूं नये. धाडण्याच्या रीतीकडेही लक्ष असावें. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीनें व्हिडिओ पाठविला कीं तें ॲप आपल्या परीनें तो पुन्हां आटवितें. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविला तर जसाच्या तसा जातो, व २०२२ पासून अशी फाइल दोन गिगाबाइटांपर्यंत चालते. त्याहून मोठी असल्यास गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणीं ठेवून तिची लिंक धाडावी. मात्र लिंक ठरावीक नातलगांसच उघडतां यावी अशी व्यवस्था करावी, कारण त्यांत घरचीं मुलेंबाळें आहेत. गूगल फोटोजमध्यें ठेवणाऱ्यांनीं 'ओरिजिनल क्वालिटी' निवडली आहे कीं 'स्टोरेज सेव्हर', हें पाहून घ्यावें. दुसऱ्या प्रकारांत फाइल मूळ स्वरूपांत राहत नाहीं. तेथील अमर्याद फुकट जागेची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली आहे, हेंही लक्षांत असावें.

मूळ प्रत, म्हणजे आम्ही जिला थोरली म्हणतों ती, दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कांवर उतरवावी आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या घरीं, एखाद्या बहिणीकडे किंवा चुलत्याकडे ठेवावी. कारण हार्ड डिस्क हें यंत्रच आहे व तें एक दिवस बंद पडावयाचेंच. प्रत्येक फाइलीस साल, महिना, दिवस व प्रसंग यांचें नांव द्यावें, आणि चित्रांत कोण कोण आहेत तें एका कागदावर लिहून ठेवावें. वर्षांतून एकदां, दिवाळीच्या साफसफाईच्या वेळीं म्हणा, त्या फाइली उघडून पाहाव्या.

अनेक घराण्यांनीं मोठ्या कष्टानें आपले कुलवृत्तांत छापून ठेविले आहेत. त्यांत पूर्वजांचीं नांवें मिळतात, गांवें मिळतात, पण आवाज मिळत नाहीं. तो राखून ठेवण्याचें साधन आपल्या पिढीस मिळालें आहे. हें काम 'सर्वांचें' म्हणून सोडलें तर कोणीच करीत नाहीं. यास्तव एकत्र कुटुंबांतील एखाद्या व्यवस्थित मुलीकडे किंवा सुनेकडे तें नेमून द्यावें, तिला दोन डिस्का आणून द्याव्या, आणि तिनें 'झालें' असें सांगेपर्यंत कोणीही आपल्या मोबाईलमधील मूळ फाइल पुसूं नये.