त्या उन्हाळ्यात भाऊजी घरी होते

आज 2020 सालच्या उन्हाळ्याबद्दल बोलायचं ठरवलं आहे. आजाराबद्दल, मास्कबद्दल, हात धुण्याबद्दल आपण तेव्हा पुष्कळ बोललो. पण त्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. आपल्याकडच्या कितीतरी घरांत नवरा-बायको लग्नानंतर पहिल्यांदाच सलग दोन-तीन महिने एका छपराखाली राहिले. त्या दिवसांत घर कसं चाललं, कामाचं काय झालं, ते आम्ही गटातल्या जणींनी बसून आठवलं. त्यातलंच थोडं सांगतो.

आमचा माण तालुका म्हणजे कमी पावसाचा. इथली गडीमाणसं पोटासाठी बाहेर असतात. कुणी वाशीच्या बाजारात माथाडी, तर कुणी गलाईच्या धंद्यात पार परराज्यात. ती दिवाळीला येतात, जत्रेला येतात, आठ दिवस पाहुण्यासारखी राहतात आणि जातात. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचे मालक असेच माथाडी. पाडव्याच्या चार दिवस आधी, 21 मार्चला, ते मिळेल त्या गाडीनं गावात पोचले. मुंबईहून आलेल्यानं 14 दिवस वेगळं राहायचं होतं. ते रानातल्या शेडात राहिले. ही बांधावर ताट ठेवायची, लांब उभी राहायची आणि दोघं ओरडून बोलायची. पाडव्यालाच देशभर टाळेबंदी सुरू झाली. पाडव्याची पुरणपोळीसुद्धा अशी बांधावरच पोचली. 5 एप्रिलला रात्री 9 वाजता सगळ्यांनी दिवे लावले, आठवतं ना? त्याच्या आदल्या दिवशी भाऊजी घरात आले.

पहिले आठ दिवस कौतुकात गेले. मग तिच्या लक्षात आलं, की घरात दोन हात वाढलेत, पण कामही वाढलंय. हे असं का होतं? आम्ही नीट मोजून पाहिलं. एरवी घरात ती, सासू आणि दोन पोरं. सकाळी भाकरी थापली की पोरं शाळेत जायची, दुपारी तिथंच खिचडी खायची. आता शाळा बंद, म्हणून दुपारची चूल पुन्हा पेटायची. दोन वेळचा चहा चार वेळा झाला. नळाला आठवड्यातून दोनदा पाणी, आणि एरवी दहा हंड्यांत भागायचं तिथं पंधरा हंडे लागायला लागले, कारण माणूस वाढलं, हातपाय धुणं वाढलं, बाहेरून आलेला प्रत्येक कपडा धुवायचा. आणि हे सगळं मार्च-एप्रिलच्या उन्हात.

भाऊजी आळशी नव्हते, बरं का. पोती वाहणारा माणूस, त्याला रिकामं बसणं जमत नव्हतं. ते म्हणायचे, "सांग की, मी मदत करतो." पण त्या मदतीचं काय व्हायचं ते ऐका. मीठ कुठंय? चाळणी कोणती? कुकरच्या शिट्ट्या किती? प्रत्येक गोष्ट तिनं सांगायची, मग ती व्हायची, मग पसारा तिनं आवरायचा. ती एकदा गटात म्हणाली, "एका कामाची दोन कामं झालीत." आम्ही हसलो, पण सगळ्यांच्या घरी तेच होतं. त्यात सासूबाईंचा धाक. गड्यानं अंगणात भांडी घासलेली त्यांना चालायची नाहीत, लोक काय म्हणतील. मग भाऊजी दार लोटून मोरीत भांडी घासायचे. आत्याबाईंना आवाज ऐकू यायचा, पण त्या माळ ओढत बसायच्या.

खरी गंमत झाली ती वाळवणाच्या वेळी. एरवी कुरडया म्हणजे सगळ्या आळीचं काम. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, सहा-सात जणी जमतात तेव्हा ते उरकतं. त्या वर्षी जमायची सोयच नव्हती. मग आळीतल्या बायकांचं काम नवऱ्यावर आलं.

कुरडयांचं काम आपल्याला पाठ असतं, पण ते गड्याच्या डोळ्यांनी बघा. गहू तीन दिवस भिजत घालायचे. रोज पाणी बदलायचं, कारण उन्हाळ्यात ते लवकर आंबतं, आणि जास्त आंबलं की वास मारतं. चौथ्या दिवशी गहू वाटायचे, पाण्यात कोळून फडक्यातून गाळायचे. चीक रात्रभर ठेवला की तळाशी बसतो आणि वरचं पाणी ओतून टाकता येतं. मग जितका चीक तितकं पाणी उकळायचं, त्यात मीठ-हिंग टाकायचं आणि चीक ओतत घाटत राहायचं. इथं हात थांबला की गुठळ्या झाल्याच. चीक शिजून चकचकीत झाला की गरम असतानाच सोऱ्यात भरून ऊन चढायच्या आत कुरडया घालायच्या.

तिनं पाच किलो गहू भिजवले आणि पाणी बदलायचं काम भाऊजींना दिलं. पहिल्या दिवशी त्यांनी बदललं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर रामायण लागलं होतं, ते राहून गेलं. तिला वाटलं त्यांनी बदललं असेल, आणि त्यांना वाटलं ती सांगेल. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर वास घरभर. पगार बंद, पैशाची ओढ, आणि पाच किलो गहू म्हशीपुढे. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. "तू आठवण का नाही केलीस?" हे त्यांचं वाक्य. तिचं उत्तर आम्ही अजून एकमेकींना सांगतो. ती म्हणाली, "आठवण ठेवायची तर तेच काम होतं. पाणी ओतायला काय, पोरगंपण ओतेल."

सख्यांनो, कामाच्या वाटणीचं कोडं इथंच आहे. घरकाम म्हणजे नुसती हातांची हालचाल नव्हे. पीठ संपत आलंय, उद्या नळाला पाणी येणार, पोराचा खोकला कालपेक्षा वाढलाय, हे सगळं कुणीतरी डोक्यात धरून बसावं लागतं. मदत करणारा हात देतो, डोकं मात्र बाईचंच चालू राहतं. म्हणून मदत मिळूनही ती थकते.

त्यानंतर तिनं सुटी कामं सांगणं बंद केलं. पुन्हा तीन किलो गहू आणले आणि भिजवण्यापासून चीक घाटेपर्यंत सगळं भाऊजींकडे दिलं, स्वतः फक्त कुरडया घालायच्या ठेवल्या. आणि पाण्याचं खातंही त्यांचंच केलं. म्हणजे नळाची वेळ लक्षात ठेवणं, हंडे भरणं, पिण्याचं झाकणं, सांडपाणी लिंबोणीला घालणं, सगळंच. तिनं आठवण करायची नाही. ते तिला फार अवघड गेलं, हेही सांगायला हवं. एक दिवस हंडे रिकामे राहिले तरी ती बोलली नाही. त्या दिवशी भाऊजी भर दुपारी विहिरीवर गेले. दुसऱ्या खेपेपासून नळाची वेळ चुकली नाही. चीक घाटायला तर पोती उचलणारे हात फार कामाला आले. एकही गुठळी नाही. त्या वर्षी रेशनवर माणशी 5 किलो तांदूळ फुकट मिळत होता. आपण भाकरीची माणसं, इतका भात खाणार कोण? त्याच्या दोघांनी मिळून सालपापड्या घातल्या.

पैशाचंही बोलू. बाईच्या जनधन खात्यात एप्रिल, मे, जून असे तीन महिने 500 रुपये आले. बँकेत गर्दी नको म्हणून खात्याच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस लावून दिले होते. भाऊजींना वाटायचं, घर चालतं ते आपण पाठवतो त्या पैशावर. आता पाठवायलाच काही नव्हतं. तेव्हा तिनं गटाची वही पुढ्यात ठेवली. बचत, शेळीसाठी घेतलेलं कर्ज, अंड्यांचे पैसे, फेडलेले हप्ते. भाऊजींनी ती वही दोनदा वाचली आणि विचारलं, "हे मला कधी सांगितलं नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही आठ दिवस यायचात."

सगळ्या घरांत असं झालं नाही, हे लपवून चालणार नाही. आमच्यातल्या दोघींच्या घरी पैशाची चिंता आणि रिकामपण हाणामारीवर गेलं. मे महिन्यात दारूची दुकानं उघडल्यावर ते आणखी वाढलं. दार बंद, माहेर लांब, एसटी बंद, फोन नवऱ्याच्या खिशात. आम्ही ठरवलं होतं, की रोज संध्याकाळी कुणीतरी एकीनं विरजण मागायच्या निमित्तानं त्यांच्या दारात जायचं, आणि तिनं "आज विरजण नाही" असं म्हटलं, की तिघींनी मिळून परत जायचं. घरातल्या हिंसेविरुद्ध 2005 चा कायदा आहे आणि त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात, हे तेव्हा आमच्यातल्या निम्म्या जणींना माहीत नव्हतं. आता 181 आणि 112 हे दोन नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले आहेत. तुमच्याही वहीत लिहा.

पुढं काय झालं? सप्टेंबरच्या सुरुवातीला ई-पासची अट उठली आणि भाऊजी वाशीला गेले. पाण्याचे हंडे परत तिच्याकडे आले. मुळात माणूसच घरी नसेल तर वाटणी कुणाशी करायची? सरकारची वेळेच्या वापराची पाहणी होते, तिचे आकडे बघा. 2019 मध्ये घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची 299 मिनिटं त्यात जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषाची 97. पुढची पाहणी 2024 ची. त्यात बाई 289 आणि पुरुष 88. इतका मोठा घरकोंडीचा काळ मध्ये येऊन गेला, तरी पुरुषाची मिनिटं वाढली नाहीत, उलट 9 नं कमीच झाली. दोघांतला फरक जवळपास होता तिथंच आहे, 200 मिनिटांच्या वर.

पण आमच्या मैत्रिणीच्या घरी एक गोष्ट टिकली आहे. चैत्र लागला की भाऊजींचा वाशीहून फोन येतो, गहू भिजवले का, आज पाणी बदललं का? यंदा त्यांनी विचारलं, "चीक घाटायला कोण आहे?" ती म्हणाली, थोरला आहे, आणि फोन त्याच्या हातात दिला. भाऊजींनी त्याला पाण्याचं माप सांगितलं, मीठ कधी टाकायचं ते सांगितलं. आत्याबाई यंदा दार लोटून घ्या म्हणाल्या नाहीत. चूल अंगणातच मांडली होती.