व्यावसायिक मुष्टियुद्ध : पराभवाच्या रकान्यातील शून्याची किंमत

१९ मार्च २०२१ रोजी पणजी येथे एका कॅसिनो जहाजाच्या छतावर उभारलेल्या रिंगमध्ये भारताचा विजेंदर सिंह रशियाच्या आर्तिश लोपसानकडून पाचव्या फेरीत पराभूत झाला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या विजेंदरने ऑक्टोबर २०१५ मध्ये व्यावसायिक क्षेत्रात पदार्पण केले होते आणि त्यानंतरच्या सर्व १२ लढती जिंकल्या होत्या. त्यामुळे तो हरला यापेक्षा त्याची अपराजित मालिका खंडित झाली, हीच त्या रात्रीची मोठी बातमी ठरली. लोपसान हा तुलनेने अननुभवी प्रतिस्पर्धी असल्याने या पराभवाची चर्चा अधिकच झाली.

व्यावसायिक मुष्टियोद्ध्याच्या नावापुढे तीन आकडे लिहिण्याची प्रथा आहे : विजय, पराभव आणि बरोबरी. यातील मधला आकडा शून्य असेपर्यंत त्या खेळाडूचा बाजारभाव वेगळा असतो आणि तो एकावर गेला की वेगळा. अन्य खेळांत एका पराभवाला एवढे महत्त्व क्वचितच दिले जाते. कसोटी क्रिकेटमधील महान संघांनीही अनेक सामने गमावले आहेत आणि त्यांच्या थोरवीला त्यामुळे बाधा आलेली नाही.

हा फरक समजून घेण्यासाठी लढती कशा ठरतात हे पाहावे लागते. ऑलिंपिकसारख्या हौशी स्पर्धांत प्रतिस्पर्धी सोडतीने ठरतो. हरणारा बाहेर पडतो, जिंकणारा पुढे जातो. व्यावसायिक मुष्टियुद्धात अशी साखळी नाही. जागतिक विजेतेपद बहाल करणाऱ्या प्रमुख संघटनाच चार आहेत आणि प्रत्येक लढत हा दोन बाजूंमधील स्वतंत्र करार असतो. कुस्तीच्या मैदानात जोड लावतात तशी ही जोड प्रमोटर लावतो. मात्र त्याने त्यातील एका मल्लावर आधीच पैसे गुंतवलेले असतात. दूरचित्रवाणी वाहिन्यांना अपराजित चेहरा विकणे सोपे जात असल्याने उदयोन्मुख खेळाडूपुढे सुरुवातीची काही वर्षे बेताचेच प्रतिस्पर्धी उभे केले जातात.

हे प्रतिस्पर्धी कोण असतात, याचे उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा पीटर बकली. त्याने ३०० व्यावसायिक लढती केल्या आणि त्यांपैकी २५६ गमावल्या. पुढे जगज्जेता झालेला नसीम हमीदही त्याच्याशी लढून गेला होता. बकली अनेकदा अगदी ऐनवेळी आलेल्या बोलावण्यावरही रिंगमध्ये उतरत असे. आकडे पाहून त्याला अकुशल म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात त्याचे कौशल्य वेगळ्या प्रकारचे होते. ठोशाने बाद झालेल्या खेळाडूला ब्रिटनमध्ये वैद्यकीय कारणास्तव काही आठवडे लढू दिले जात नाही, म्हणजेच त्या काळातील कमाई बुडते. त्यामुळे गुणांवर हरणे, पण शाबूत राहणे, हा त्याच्या व्यवसायाचा पाया होता. ऑक्टोबर २००८ मध्ये त्याने अखेरची लढत केली आणि ती मात्र जिंकली. बकलीसारख्यांच्या पराभवांवरच इतरांचे शून्य उभे असते, ही गोष्ट विक्रमांच्या यादीत दिसत नाही.

शून्य जपलेल्यांमध्ये रॉकी मार्सियानो आणि फ्लॉइड मेवेदर ही नावे अग्रभागी आहेत. मार्सियानोने १९५६ मध्ये ४९ विजयांनिशी निवृत्ती स्वीकारली. लॅरी होम्स ४८ विजयांसह त्याच्या जवळ पोहोचला, परंतु सप्टेंबर १९८५ मध्ये मायकेल स्पिंक्सने त्याला रोखले. मेवेदरने ऑगस्ट २०१७ मध्ये ५० वा विजय मिळविला. मात्र तो कॉनर मॅकग्रेगर या मिश्र युद्धकलेच्या खेळाडूविरुद्ध होता, ज्याची ती पहिलीच व्यावसायिक मुष्टियुद्धाची लढत होती. मेवेदरच्या बचावकौशल्याबद्दल दुमत नाही. पण पन्नासाव्या विजयाला एकोणपन्नासाव्याइतकेच वजन देणारी नोंदवही कितपत विश्वासार्ह मानावी, हा प्रश्न उरतोच.

नोंदवही न्यायनिवाड्याच्या बाबतीतही फसवी असू शकते. मेक्सिकोचा ज्युलिओ सीझर चावेझ सप्टेंबर १९९३ मध्ये पर्नेल व्हिटेकरशी लढला तेव्हा अपराजित होता. बहुतेक निरीक्षकांच्या मते व्हिटेकरने ती लढत जिंकली होती. परीक्षकांनी ती बरोबरीत सोडविली आणि चावेझचे शून्य कागदावर टिकले. जानेवारी १९९४ मध्ये फ्रँकी रँडलने ते पुसले.

याउलट, लेनॉक्स लुईसचे उदाहरण आहे. १९९४ मध्ये ऑलिव्हर मॅककॉलने आणि २००१ मध्ये हसीम रहमानने त्याला ठोशाने बाद केले. लुईसने दोघांशीही पुन्हा लढत मागितली आणि दोघांनाही हरविले. त्याच्या नावापुढील दोन पराभव त्याच्या लौकिकात भरच घालतात. मिकी वॉर्ड तर १३ लढती हरला. तरीही २००२ व २००३ मध्ये आर्तुरो गॅटीशी झालेल्या त्याच्या तीन लढतींची आठवण अनेक अपराजित विजेत्यांच्या लढतींपेक्षा अधिक आदराने काढली जाते. त्या तीनपैकी दोन वॉर्ड हरला होता.

म्हणून पराभव गौण मानावा काय? तसे म्हणता येणार नाही. जिंकण्याची ईर्ष्या नसेल तर दोन माणसांनी एकमेकांवर ठोसे मारण्यास काहीच अर्थ उरत नाही, आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाचीही ती फसवणूक ठरेल. प्रश्न आहे तो एका पराभवावर खेळाडूचे पुढील उत्पन्न किती अवलंबून ठेवावे, याचा. कारण हे ओझे जितके वाढते तितके लढत थांबविणे कठीण होते.

१ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिला येथे मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांच्यात तिसरी लढत झाली. चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरचे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते. केवळ एक फेरी उरली होती आणि फ्रेझर उभा राहू पाहत होता. पण प्रशिक्षक एडी फुच यांनी त्याला खाली बसविले व लढत सोडून दिली. नोंदवहीत तो पराभव म्हणून लिहिला गेला. फ्रेझर त्यानंतर ३६ वर्षे जगला.

१९ जुलै २०१९ रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात रशियाचा मक्सिम दादाशेव आणि प्वेर्तो रिकोचा सुब्रिएल मातियास समोरासमोर आले. दोघांच्याही नावावर १३ विजय होते, पराभव एकही नव्हता, आणि जिंकणाऱ्यास जागतिक विजेतेपदासाठी लढण्याची संधी मिळणार होती. अकराव्या फेरीनंतर प्रशिक्षक बडी मॅकगर्ट यांनी दादाशेवला थांबण्याची विनवणी केली. तो मान हलवून नकार देत राहिला. अखेर मॅकगर्ट यांनी स्वतःच पंचांना लढत थांबविण्यास सांगितले. रिंगमधून परतताना दादाशेव कोसळला. मेंदूतील रक्तस्रावामुळे त्याच्यावर शस्त्रक्रिया करण्यात आली, परंतु २३ जुलै रोजी वयाच्या २८ व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याच्या नावापुढील अखेरची नोंद १३ विजय, १ पराभव अशी आहे.