चायना ग्रास: शेवाळ समुद्राचं, धंदा आपला

"सर, शेततळ्यात सी-वीड घेता येईल का?" हा प्रश्न मला नेहमी येतो. सरळ उत्तर: नाही. हे खाऱ्या पाण्यातलं शेवाळ आहे, आपल्या लातूर-नांदेडच्या गोड्या पाण्यात जगत नाही. कुणी बियाणं देतो म्हणाला तर अ‍ॅडव्हान्स देऊ नका.

पण शेवाळाचा माल आपल्या किराणा दुकानात आधीच आहे. तो म्हणजे चायना ग्रास! ग्रॅसिलेरिया आणि जेलिडिएला या लाल शेवाळांपासून ते बनतं. तमिळनाडूत रामेश्वरम ते तुतिकोरिन, मन्नारच्या आखातात, उथळ पाण्यात खडकांवर ही शेवाळं वाढतात. तिथल्या बायका बुडी मारून ती काढतात.

मग आपला धंदा कुठे? जिलेटिनची जेली ३५ अंशांच्या आतबाहेर वितळते. चायना ग्रासची जेली एकदा गोठली की ८० अंशांपर्यंत वितळत नाही. मे महिन्यात लातूरला हाच फरक म्हणजे पैसा. १ लिटर दुधाला साधारण १० ग्रॅम पुरतं.

आता माझी चूक ऐका. स्वस्त मिळाली म्हणून मी सुटी पावडर भरली. ती निघाली जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याची! एका शाकाहारी घरच्या बारशाला ती गेली. त्या काकू पुन्हा दुकानाची पायरी चढल्या नाहीत. तेव्हापासून हिरवा ठिपका आणि एफएसएसएआय नंबर बघूनच माल घेतो.

आज एवढंच करा: एक पॅकेट आणा, पुडिंग बनवा, अर्धा तास फ्रिजबाहेर ठेवा. टिकलं, तर वाटीमागे खर्च काढा. ऑर्डर त्यानंतर!