इस्पितळात दाखल होताना पोटात काय असते?

रोगी इस्पितळात दाखल होतो तेव्हा जुने रिपोर्ट, औषधांची पिशवी आणि कपडे सोबत असतात. आतड्यातले जंतूही सोबत येतात, पण त्यांची नोंद केसपेपरवर होत नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर, नोकरी बँकेतली. तरी आपल्या सभासदांपैकी कुणाचे ना कुणाचे माणूस वॉर्डात असतेच, म्हणून हा विषय समजून घेतला.

उदाहरणादाखल क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल (२०१६ पासून क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल) हा जंतू पाहू. १९३५ साली तो नवजात बालकांच्या विष्ठेत सापडला, आणि ती बालके निरोगी होती! जंतू आतड्यात वस्तीला असणे वेगळे आणि रोग होणे वेगळे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या मोठ्या आतड्याच्या दाहामागे हाच जंतू आहे, हे १९७८ च्या सुमारास उघड झाले.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात एका वॉर्डात ओळीने दाखल झालेल्या ४२८ रोग्यांची तपासणी झाली. निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. २९ जण जंतू घेऊनच आले होते. उरलेल्या ३९९ पैकी ८३ जणांना तो इस्पितळात मिळाला. त्यातील ५२ जणांना कसलाच त्रास नव्हता, ३१ जणांना जुलाब झाले. जंतू असलेल्या रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्यांपैकी ५९ टक्के लोकांच्या हातांवर तो आढळला.

दाखल होतानाच हा जंतू कुणाच्या पोटात असण्याचा संभव अधिक? जो नुकताच दुसऱ्या इस्पितळातून आला आहे त्याच्या, आणि ज्याने गेल्या दोन-तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतले आहे त्याच्या. आतड्यात असंख्य उपकारक जंतू जागा धरून असतात. औषधाने तेही मरतात, आणि मोकळ्या जागेत हा शिरकाव करतो. सर्दीतापाला दुकानातून चार गोळ्या मागून आणण्याची आपली सवय इथे महागात पडते. वय पासष्टच्या पुढे, स्टिरॉइडसारखी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे, नळीने अन्न, आम्लपित्तावरच्या काही गोळ्या, यांनीही धोका वाढतो.

म्हणून दाखल करताना आधीचे इस्पितळ आणि आधीच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता सांगाव्यात. रिकामी पाकिटे दाखवली तर उत्तमच. भेटीला जाणाऱ्यांनी हात साबण-पाण्यानेच धुवावेत. या जंतूचे बीजाणू खाटेच्या दांड्यावर महिनोन्‌महिने टिकतात आणि हातावर चोळायच्या अल्कोहोलने मरत नाहीत.