नाणेघाटाच्या रांजणात न मावणारा माल

नाणेघाटाच्या तोंडाशी एक भला मोठा दगडी रांजण आहे. जुन्नरकडचा माल घाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे निघाला, की व्यापाऱ्याने जकातीची नाणी त्यात टाकायची, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे आकडे त्यात कोरलेले आहेत. दरवर्षी पावसाळा सरला, की मी विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन तेथे जातो, आणि दरवर्षी कोणी तरी रांजणात डोकावून विचारतोच, “सर, पैसे कुठं आहेत?”

गेल्या खेपेस आमच्याबरोबर एक माजी विद्यार्थी आला होता. आळेफाट्याजवळच्या कांदा पिकविणाऱ्या घरातला मुलगा. अकरावी-बारावीत माझ्या वर्गात असे आणि निबंध बरे लिही. पुढे घरच्यांनी त्याला अभियांत्रिकीला घातले आणि मराठी एका चांगल्या विद्यार्थ्याला मुकली. हल्ली तो पुण्यास एका संगणक कंपनीत असतो आणि फावल्या वेळात, पदरमोड करून, ‘ओपन सोर्स’ म्हणतात त्या प्रकारचे काम करतो. म्हणजे असे, की देशोदेशीची माणसे मिळून संगणकाची एखादी आज्ञावली रचतात, तिचा मूळ मजकूर सर्वांना वाचायला उघडा ठेवतात, आणि ज्याला हवी त्याने ती न्यावी, सुधारावी, दुसऱ्याला द्यावी. आमच्या वारकऱ्यांच्या अभंगांच्या वह्या अशाच हातोहात गेल्या, एवढे मला त्यातले कळले.

रांजणावर हात ठेवून तो म्हणाला, “सर, माझा माल काही या रांजणात मावायचा नाही. पण निर्यातीचा कायदा त्यालाही आहे बरं का!”

मला वाटले, पोरगा थट्टा करतो आहे. ‘निर्यात’ हा शब्द जुन्नर-आंबेगावच्या माणसाला शिकवावा लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. त्या काळात मंचर, ओतूर, आळेफाटा येथल्या बाजारांत शेतकऱ्यांच्या तोंडी दुसरा विषय नसे. पण कांद्याला गोणी असते, ट्रक असतो, बंदर असते. आज्ञावलीला यातले काय आहे?

त्याने खिशातून एक कागद काढला. त्यांच्या आज्ञावलीत मजकूर कुलूपबंद करण्याची सोय आहे. अशा आज्ञावलीला एक सूचना जोडण्याचा प्रघात आहे: यात एन्क्रिप्शन आहे, ते तुमच्या देशात आणण्यास, वापरण्यास वा देशाबाहेर देण्यास निर्बंध असू शकतील, तरी तेथला कायदा पाहून घ्यावा. ही सूचना त्याला मराठीत करून हवी होती. मी मोठ्या उमेदीने होकार दिला, आणि घरी येऊन ‘निर्यात’ या शब्दापाशीच अडलो. कारण अमेरिकेच्या नियमांप्रमाणे असा मूळ मजकूर परदेशी माणसाला अमेरिकेतच दाखविणे, हीसुद्धा निर्यात ठरू शकते. माल जागचा हलला नाही तरी निर्यात! आमच्या कोशात हा अर्थ नाही.

आधी हे कुलूप म्हणजे काय ते सांगतो. बेल्ह्याचा बैलबाजार ज्यांनी पाहिला असेल त्यांना ते चटकन उमजेल. जुने व्यापारी हातांवर रुमाल टाकून बोटांनी भाव करीत. कोणते बोट धरले म्हणजे किती, हे साऱ्या बाजाराला पाठ; तरी रुमालाखाली काय ठरले ते दोघांखेरीज तिसऱ्याला कळत नसे. रीत उघडी झाली तरी चालेल, किल्ली तेवढी गुप्त हवी, हे तत्त्व ऑग्युस्त केर्कहॉफ्स या पंडिताने १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनासंबंधी मांडले. ओपन सोर्सवाल्यांचे कुलूप याच जातीचे. कोणालाही त्याची घडण तपासता येते, म्हणूनच त्यावर विसंबता येते. बँकेचा व्यवहार असो, की मुलीने परदेशातून आईला धाडलेला निरोप असो, तो आज अशाच कुलपातून जातो.

अमेरिकन सरकारने मात्र या कुलपांची गणना बरीच वर्षे युद्धसामग्रीत केली होती. तोफा ज्या यादीत, त्याच यादीत ही गणिते. १९९१ मध्ये फिल झिमरमन याने ‘पीजीपी’ नावाची आज्ञावली लोकांना फुकट दिली. सामान्य माणसाला आपले टपाल परक्या नजरेपासून झाकता यावे, एवढाच तिचा हेतू. ती पाहता पाहता देशाबाहेर पसरली आणि १९९३ मध्ये बिचाऱ्याच्या मागे फौजदारी चौकशी लागली. जानेवारी १९९६ मध्ये खटला न भरताच ती बंद झाली. पण ती तीन वर्षे त्याने कशी काढली असतील, हे ज्याच्या दारी कधी शिपाई येऊन गेला आहे त्यालाच कळेल. मधल्या काळात, १९९५ मध्ये, एमआयटी प्रेसने त्या आज्ञावलीचा मूळ मजकूर चक्क पुस्तक म्हणून छापला. तबकडीवर नेली तर शस्त्र, कागदावर नेली तर ग्रंथ! १९९७ मध्ये पुढच्या आवृत्तीची छापील पाने युरोपात पोचली आणि नॉर्वेतल्या एका खटपट्या तरुणाने इतर हौशी मंडळींच्या मदतीने ती यंत्राकडून वाचवून घेऊन आज्ञावली पुन्हा उभी केली. आम्ही मोडीची दप्तरे लावणारी माणसे. छापील पानाचा हा मान पाहून मला मनापासून आनंद झाला.

डॅनिएल बर्नस्टीन नावाच्या बर्कलेच्या विद्यार्थ्याने तर १९९५ मध्ये सरकारवरच दावा लावला. आज्ञावली हे माझे लेखन आहे, मग ते प्रसिद्ध करायला परवाना का मागावा, हा त्याचा सवाल. १९९९ मध्ये अपील न्यायालयाच्या पीठाने बहुमताने त्याच्या बाजूने कौल दिला. तो निकाल फेरसुनावणीसाठी बाजूला ठेवला गेला खरा, पण तोवर नियमच बदलले.

या बंदीची झळ आपल्यालाही लागत होती. त्या दशकात अमेरिकन ब्राउझर दोन प्रकारांत मिळत: घरच्या माणसांना १२८ बिटांचे कुलूप, परदेशाला ४० बिटांचे. ४० बिटांत सुमारे १ लाख १० हजार कोटी किल्ल्या संभवतात. आकडा ऐकून छाती दडपते. पण जानेवारी १९९७ मध्ये इयन गोल्डबर्ग या विद्यार्थ्याने विद्यापीठातले रिकामे संगणक जुंपून असे कुलूप साडेतीन तासांत उघडले. आणि आपण? आपल्या सरकारनेही इंटरनेट पुरविणाऱ्यांच्या परवान्यात हीच ४० बिटांची मर्यादा घातली होती. मोठी किल्ली हवी तर परवानगी घ्या. सप्टेंबर २०१५ मध्ये तर कुलूपबंद निरोपाची साधी प्रत ९० दिवस जपून ठेवावी असा मसुदा निघाला आणि ओरड होताच दोन दिवसांत मागेही घेतला गेला. सरकारांची काळजी खोटी, असे मी म्हणणार नाही. शत्रूचे आणि गुन्हेगारांचे निरोप वाचता यावेत असे कोणत्या राज्याला वाटत नाही? पण चोराला मजबूत कुलूप कोठूनही मिळते. पातळ कुलूप राहते ते गरीब सज्जनांच्या दाराला.

ओपन सोर्सवाल्यांनी यातून आडवाटा काढल्या. कॅनडातून चालणाऱ्या ओपनबीएसडीच्या मंडळींनी कुलपाचे काम अमेरिकेबाहेरच ठेवले. डेबियनवाल्यांनी अशा आज्ञावलींसाठी अमेरिकेबाहेर निराळे कोठार मांडले. ओपनबीएसडीच्याच घरात १९९९ मध्ये ओपनएसएसएच जन्मली. दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायचे झाले तर आज बहुधा तीच वापरतात. आमच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, देशोदेशीचे शास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मागतात. अशा ठिकाणी या हत्याराचे मोल काय, ते सांगायला नको.

जानेवारी २००० मध्ये अमेरिकेने नियम सैल केले. मूळ मजकूर सर्वांना खुला असेल तर परवाना नको, पत्ता कळविणारे एक पत्र सरकारला धाडले की झाले. मार्च २०२१ पासून रूढ पद्धतीच्या कुलपांसाठी ते पत्रही माफ झाले. डिसेंबर २०१७ मध्ये भारत ज्या वासेनार व्यवस्थेचा सभासद झाला, तिच्या यादीतूनही सर्वांना खुले असलेले सॉफ्टवेअर वगळलेले आहे.

म्हणजे सारे आलबेल आहे, असे मात्र नव्हे. आता आज्ञावलीऐवजी माणसे अडतात. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे गिटहबवरील इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांच्या खात्यांवर मर्यादा आल्या. इराणपुरत्या त्या जानेवारी २०२१ मध्ये उठल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सच्या देखभाल करणाऱ्यांच्या यादीतून काही रशियन नावे याच कारणाने गळाली. “सर, उद्या आपली पाळी आली तर?” असे त्याने फोनवर विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी भाषांतराकडे वळलो.

शेवटी ‘निर्यात’ काढून मी ‘देशाबाहेर देणे किंवा परदेशी व्यक्तीस उपलब्ध करून देणे’ असे लिहिले. लांबट झाले खरे, पण अर्थ पुरता आला. आठवड्याने त्याचा फोन आला. सूचना लागली होती, आणि गावी त्याच्या वडिलांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली होती.

“काय म्हणाले?” मी विचारले.

“म्हणाले, हे कळलं बाबा. आमच्या कांद्याचा हुकूम काही कधी असा मराठीत वाचायला मिळाला नाही.”