विदागाराचे ऑफलाइन स्थलांतर

विदागाराचे ऑफलाइन स्थलांतर म्हणजे एका ठिकाणच्या सर्व्हरवरील विदागार, अर्थात डेटाबेस, त्याच्याशी जोडलेल्या नसलेल्या दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरवर हार्ड डिस्क, चुंबकीय टेप अशा साधनांवरून नेणे. दोन ठिकाणांत जोडणी नसते, तिची गती अपुरी असते किंवा सुरक्षेसाठी ती मुद्दाम टाळलेली असते, तेव्हा ही पद्धत वापरली जाते. प्रत काढणे हा या कामाचा सोपा भाग होय. प्रत मूळ नोंदींशी जुळते हे सिद्ध करणे आणि मधल्या काळातील बदल न गमावणे हे त्यातील अवघड भाग आहेत.

वेळेचे गणित

१० टेराबाइट विदा १०० मेगाबिट प्रतिसेकंद गतीच्या जोडणीवरून पाठवण्यास सुमारे सव्वानऊ दिवस लागतात; १० मेगाबिट गतीने तीन महिने. सेकंदाला २०० मेगाबाइट लिहिणाऱ्या डिस्कवर तीच विदा सुमारे १४ तासांत उतरते. उतरवणे, प्रवास आणि पुन्हा चढवणे मिळूनही काम दोन-तीन दिवसांत होऊ शकते. एप्रिल २०१७ मध्ये इव्हेंट होरायझन टेलिस्कोप प्रकल्पाने नोंदवलेली निरीक्षणे याच कारणाने हार्ड डिस्कवरून अमेरिका व जर्मनीतील केंद्रांत नेण्यात आली. दक्षिण ध्रुवावरील डिस्कना तेथील हिवाळा संपेपर्यंत थांबावे लागले.

पद्धती

तार्किक प्रतीत सारण्यांची रचना व नोंदी आज्ञांच्या किंवा मजकुराच्या स्वरूपात लिहिल्या जातात. ती वेगळ्या आवृत्तीच्या सर्व्हरवरही चढवता येते; मात्र निर्देशांक नव्याने बांधावे लागत असल्याने वेळ अधिक लागतो. भौतिक प्रतीत डिस्कवरील संचिका जशाच्या तशा उचलल्या जातात. ही पद्धत वेगवान असली, तरी पोस्टग्रेस्क्यूएलसारख्या प्रणालीत दोन्हीकडे मुख्य आवृत्ती एकच असावी लागते.

मधल्या काळातील बदल

डिस्क प्रवासात असताना जुन्या सर्व्हरवर नोंदी होत राहिल्यास नवी प्रत पोहोचण्यापूर्वीच शिळी होते. त्यामुळे एक तर या काळात नोंदी बंद ठेवतात, किंवा पूर्ण प्रत आधी पाठवून त्यानंतरच्या बदलांच्या नोंदवह्या, म्हणजे लॉग, मागाहून पाठवतात. लॉगचा आकार लहान असल्याने अंतिम बंदकाळ काही तासांवर येऊ शकतो. नव्या सर्व्हरची खात्री होईपर्यंत जुना सर्व्हर केवळ वाचनासाठी राखून ठेवणे हिताचे असते.

पडताळणी

निघण्यापूर्वी प्रत्येक संचिकेची एसएचए-२५६ सारखी बेरीज-खूण काढतात आणि पोहोचल्यावर ती पुन्हा काढून ताडून पाहतात. त्यानंतर सारणीनिहाय नोंदसंख्या व रकमांच्या बेरजा जुळवल्या जातात. भारतीय भाषांत लिपीची वेगळी तपासणी लागते. जुनी मराठी विदा इस्की संकेतप्रणालीत किंवा विशिष्ट फाँटच्या संकेतांत असू शकते. ती युनिकोडमध्ये आणताना नोंदसंख्या अचूक राहूनही जोडाक्षरे बिघडू शकतात.

सुरक्षितता

ऑक्टोबर २००७ मध्ये ब्रिटनच्या महसूल खात्याने पाठवलेल्या दोन सीडी वाटेत गहाळ झाल्या. त्यांत बालभत्त्याशी संबंधित सुमारे अडीच कोटी व्यक्तींचा तपशील होता. सीडींना परवलीचा शब्द होता, परंतु विदा कूटबद्ध नव्हती. म्हणून संपूर्ण डिस्क कूटबद्ध करणे, किल्ली वेगळ्या मार्गाने पाठवणे, किमान दोन प्रती वेगवेगळ्या वेळी नेणे आणि प्रत्येक हस्तांतराची सही घेणे आवश्यक मानले जाते.

महाराष्ट्रातील उदाहरण

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा त्यांपैकी एक होता. राज्यात सातबाऱ्याची विदा प्रथम तालुकावार स्वतंत्रपणे तयार झाली. ठाणे जिल्ह्यातील अकलोली गावाचा सातबारा भिवंडी तालुक्याच्या विदेत, तर शेजारच्या तालुक्यातील गावाचा सातबारा दुसऱ्याच विदेत, अशी ही रचना होती. पुढे ई-फेरफार प्रणालीसाठी ही विदा राज्यस्तरावर एकत्र आणण्यात आली.

या कामातून स्थलांतराची एक मर्यादा स्पष्ट होते. बेरीज-खूण जुळली म्हणजे प्रत मूळ विदेसारखी आहे एवढेच ठरते; मूळ विदा खरी होती असे ठरत नाही. हस्तलिखित सातबाऱ्यावरून संगणकात भरताना खातेदाराचे नाव सुटले असेल किंवा क्षेत्राचे दशांशचिन्ह सरकले असेल, तर ती चूक नव्या सर्व्हरवरही निर्दोषपणे पोहोचते आणि वारसनोंद, पीककर्ज किंवा खरेदीखताच्या वेळी खातेदाराला अडवते. त्यासाठी हस्तलिखित व संगणकीकृत नोंदी ताडून पाहण्यात आल्या आणि २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन करून हरकती घेण्यात आल्या. लेखनप्रमादांची दुरुस्ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली होते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उपलब्ध झाला.